एसटीचं स्मार्ट कार्ड : सोय, वैताग आणि त्यामागचं विज्ञान



आजचा विषय तुमच्या दप्तरातलाच आहे. एसटीचा पास. आपल्या पलूस तालुक्यात कितीतरी मुलामुलींचं शिक्षण या एका पासावर चालतं. अंकलखोपहून, आमणापूरहून, दुधोंडीहून पलूसला किंवा रामानंदनगरच्या कॉलेजला यायचं तर रोज घरचं कुणी सोडायला येऊ शकत नाही. उसाला तोड आलेली असते, द्राक्षबागेत औषध मारायचं असतं. वडील म्हणतात, “यष्टीनं जा की.” आणि यष्टीनं जायचं म्हणजे पास पाहिजे. हा पास आधी कागदाचा होता, मग प्लॅस्टिकचा झाला आणि २०१९ पासून त्याच्या नावात ‘स्मार्ट’ हा शब्द आला.

आता हे कार्ड स्मार्ट म्हणजे नेमकं काय? कुणी म्हणतं, लई सोय झाली. कुणी म्हणतं, आधीचा कागदच बरा होता, निदान मशीन बिघडलं म्हणून तो नाकारला तरी जात नव्हता. माझ्या मते दोघंही खरंच बोलतात. ते दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, एवढंच. ती गोष्ट कोणती, ते या लेखात पाहू. थोडं विज्ञान येईल, थोडं गणित येईल, थोडा इतिहासही येईल.

एक कार्ड, दोन कामं

खिशात पाकीट असतं आणि पाकिटात ओळखपत्र असतं. पाकिटाचं काम पैसे ठेवण्याचं आणि ओळखपत्राचं काम तुम्ही कोण ते सांगण्याचं. बसच्या स्मार्ट कार्डाला ही दोन्ही कामं करायला लावतात.

मुंबई-पुण्यात मेट्रोने जाणारा माणूस कार्ड टेकवतो, तेव्हा त्याचं नाव, वय, गाव यांच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. भाडं कापलं गेलं की दार उघडतं. तिथं कार्ड म्हणजे पाकीट. आपल्या एसटीत मात्र कार्डाकडून मुख्य अपेक्षा ओळख पटवण्याची असते. हा विद्यार्थी आहे का? या आजोबांचं वय खरंच ६५ च्या पुढे आहे का? या मुलीचा पास कुंडल ते पलूस आहे की कुंडल ते सांगली? एसटीत समाजातल्या तीसच्या आसपास घटकांना भाड्यात सवलत मिळते. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग, स्वातंत्र्यसैनिक, काही आजारांचे रुग्ण अशी ती मोठी यादी आहे. कुणाला तिसरा हिस्सा माफ, कुणाला निम्मं, कुणाला पूर्ण.

पाकीट घरी विसरलं तर कुणाकडून उसने पैसे घेता येतात. ओळख उसनी घेता येत नाही. म्हणून शहरातल्या माणसाचं कार्ड बिघडतं तेव्हा त्याची पाच मिनिटं जातात, आणि आपल्याकडे कार्ड बिघडतं तेव्हा माणसाचा हक्कच क्षणभर नाहीसा होतो. आजोबांचं वय मशीन बंद पडलं म्हणून कमी होत नाही, पण तिकीट मात्र पूर्ण फाडावं लागतं.

आतमध्ये बॅटरी नाही, तरी ते चालतं कसं?

दहावीच्या मुलांनी इथं विशेष लक्ष द्यावं. ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठात तुम्ही विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकता. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं, तर त्या तारेत वीज निर्माण होते. परीक्षेला हे तीन गुणांना येतं म्हणून आपण पाठ करतो. पण तुमच्या खिशातलं कार्ड रोज हाच प्रयोग करत असतं.

स्पर्श न करता चालणाऱ्या कार्डाच्या प्लॅस्टिकच्या थरांत, कडेकडेने, बारीक तारेचे काही वेढे दिलेले असतात. त्या वेढ्यांची दोन टोकं एका चिमुकल्या चिपला जोडलेली असतात. तिकीट मशीन आपल्याभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. ते सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झने बदलतं. कार्ड त्या क्षेत्रात आलं की वेढ्यांत वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होते. मग ती आपली माहिती मशीनला कळवते आणि कार्ड बाजूला नेलं की पुन्हा झोपते. हे सगळं फार तर दहा सेंटिमीटरच्या आत होतं, म्हणून कार्ड अगदी जवळ न्यावं लागतं.

एवढं कळलं की रोजच्या निम्म्या तक्रारींची कारणं आपोआप समजतात. गळ्यात अडकवायला म्हणून पोरं कार्डाला पंचनं भोक पाडतात. भोक कडेला पाडलं आणि तार तुटली, की कार्ड कायमचं गेलं. वरून ते नवंकोरं दिसतं, आत वीजच तयार होत नाही. मागच्या खिशात कार्ड ठेवून बसायची सवयही तशीच, वाकून वाकून तार तुटते. एकाच पाकिटात बँकेचं टेकवायचं कार्ड आणि हे कार्ड चिकटून असेल, तर दोन्ही चिपा एकदम जाग्या होतात आणि मशीन गोंधळतं. दोन पोरांनी एकदम “हजर सर” म्हटल्यावर माझं होतं, तसंच. कार्ड पाकिटातून वेगळं काढून टेकवलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. आणि हो, कार्ड जोरात घासल्याने किंवा आपटल्याने काहीही होत नाही. तो एटीएमच्या जुन्या काळ्या पट्टीचा जमाना झाला.

पैसे कार्डात असतात की कुठं दुसरीकडं?

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात.

बारावीनंतर तुमच्यातले बरेच जण पुण्याला जाणार आहात. तिथं मेट्रोत तुम्हाला ‘एक पुणे कार्ड’ दिसेल, मुंबई मेट्रोत ‘मुंबई वन’ कार्ड दिसेल. ही ‘नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड’ या जातीची कार्डं आहेत. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादमध्ये पंतप्रधानांनी या कार्डाची सुरुवात केली. कल्पना अशी, की एकाच कार्डावर देशातली कुठलीही मेट्रो, कुठलीही बस, पार्किंग, टोल सगळं चालावं.

अशा कार्डात पैशाचे दोन कप्पे असू शकतात. एक बँकेच्या संगणकावर आणि दुसरा प्रत्यक्ष चिपमध्ये. मोबाईलवरून तुम्ही पाचशे रुपये भरले, तर ते आधी पहिल्या कप्प्यात जातात. चिपला त्याचा पत्ताच नसतो, कारण चिप तुमच्या खिशात झोपलेली आहे. स्टेशनवरच्या ठरावीक मशीनला कार्ड टेकवलं की मग ते पैसे चिपमध्ये उतरतात. नवीन माणूस पैसे भरून थेट दारापाशी जातो, दार उघडत नाही आणि तो म्हणतो, “माझे पैसे खाल्ले!” पैसे कुणी खाल्लेले नसतात. ते पेठेतल्या बँकेत आहेत आणि माणूस बसमध्ये उभा आहे, अशातला प्रकार. पण हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं, आणि रिचार्ज झाल्याचा मेसेज मात्र लगेच येतो. दोष असलाच तर तो त्या न सांगण्याचा आहे.

मग पैसे चिपमध्येच ठेवायचा एवढा अट्टहास कशासाठी? इथं कार्डाचा खरा फायदा आहे आणि तो आपल्या ग्रामीण भागाला जास्त लागू पडतो. पैसे चिपमध्ये असले की व्यवहाराला मोबाईलची रेंज लागत नाही. मशीन आणि कार्ड एकमेकांशी बोलतात, भाडं कापलं जातं आणि हिशेब नंतर आगारात गेल्यावर मुख्य संगणकाला कळतो. एसटीत २०२२ च्या सुमारास अँड्रॉइडवर चालणारी नवी तिकीट मशीन आली आणि क्यूआर कोडवर पैसे देण्याची सोय झाली. सुट्ट्या पैशांवरून होणारी कटकट त्यामुळे बरीच कमी झाली, हे मान्यच करायला हवं. पण क्यूआरला तुमच्या मोबाईलला रेंज पाहिजे, बॅटरी पाहिजे, बँकेचा सर्व्हर चालू पाहिजे. शिराळ्याच्या डोंगरी वाटेवर गाडी गेली की गोल गोल चक्र फिरत बसतं आणि मागे दहा माणसं तिकिटाची वाट बघत उभी. चिपमधल्या पैशाला यातलं काहीच लागत नाही. शिवाय नववीतल्या मुलाच्या हातात मोबाईल द्यायचा नाही असं ज्या घरानं ठरवलंय, तिथं क्यूआर काय कामाचा? कार्ड मात्र देता येतं.

चिपमधले पैसे पाकिटातल्या नोटांसारखे असतात, हेही लक्षात ठेवा. कार्ड हरवलं तर बँकेतले पैसे वाचतात, चिपमधले बहुधा जातात. म्हणून तिथं लागेल तेवढेच ठेवावेत. कार्डावरची चिप कुणी फोडू शकतं का, असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. जुन्या बनावटीच्या फोडता येत होत्या. नेदरलँड्समधल्या नायमेगेन इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये, तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या एका चिपची कुलपाची पद्धत उघडी पाडली. लंडनचं प्रवासी कार्डही त्या वेळी त्याच चिपवर चालत होतं. त्यानंतर शहरांनी अधिक मजबूत चिपा आणल्या. म्हणजे संशोधकांनी केलेलं ते काम शेवटी प्रवाशांच्याच उपयोगाला आलं.

एसटीचं २०१९ चं कार्ड आणि पुढची धावपळ

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून कितीतरी वर्षं कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि चिमटा असायचा. रंगीत तिकिटाला ‘टक’ करून भोक पडायचं. तुमच्या आई-वडिलांना विचारा, तो आवाज त्यांना आठवत असेल. मग तिकीट छापणारी हातातली मशीन आली. त्यामुळे कोणत्या थांब्यावर किती माणसं चढली हे रोजच्या रोज कळू लागलं. पण सवलतीचं तिकीट घेणारा माणूस खरोखर त्या सवलतीचा हक्कदार आहे का, हे मशीनला कसं कळणार? ते कंडक्टरच्या नजरेवरच होतं.

यात एसटीची अडचण खरी होती. सवलतीमुळे बुडणाऱ्या भाड्याची भरपाई सरकारकडून घ्यायची असते, तिला पक्का आकडा लागतो. ज्येष्ठांना अर्ध्या तिकिटाची सवलत होती, ती वर्षाला ४,००० किलोमीटरपर्यंतच. आता सांगा, आधार कार्ड बघून तिकीट देणाऱ्या कंडक्टरला या आज्जी वर्षभरात किती किलोमीटर फिरल्या ते कसं समजावं? मर्यादा कागदावरच राहिली. बनावट ओळखपत्रं दाखवून सवलत घेतली जाते, अशाही तक्रारी होत्या. म्हणून २०१९ मध्ये महामंडळाने सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणलं. कार्ड टेकवायचं, मशीन ओळख पटवणार, किलोमीटर मोजणार, अर्धं तिकीट देणार.

कल्पना चांगलीच होती, पण कार्ड मिळवण्यासाठी आगारात जावं लागायचं. आधार दाखवायचं, मोबाईल नंबर सांगायचा, त्यावर आलेला आकडा सांगायचा आणि मग कार्ड येईपर्यंत थांबायचं. पंचाहत्तरीचं माणूस तालुक्याच्या गावी जाणार कसं? एसटीनेच. म्हणजे सवलतीच्या कार्डासाठी आधी तिकीट काढून एक-दोन खेपा. मोबाईल नंबर मुलाचा, मुलगा पुण्यात किंवा मुंबईत, आणि आकडा त्याच्या फोनवर. “बाळा, नंबर आला का रं?” असं खिडकीपाशी उभं राहून विचारणारी किती माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या काहींच्या बोटांचे ठसे शेतातल्या कामानं झिजलेले असतात, आधारच्या यंत्रावर ते उमटत नाहीत, तो आणखी वेगळा त्रास.

त्यात २०२० मध्ये कोरोना आला आणि गाड्या थांबल्या. कार्ड काढण्याची मुदत वाढवावी लागली, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. ज्यांनी धडपड करून कार्ड काढलं, त्यांची कार्डं कपाटात पडून राहिली. पुढे मशीनच बदलली आणि जुनी व्यवस्था मागे पडली. कंडक्टर पुन्हा आधार कार्ड बघू लागले. आमच्या भागात अशी कार्डं आजही देव्हाऱ्याच्या फळीवर रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेली सापडतील. सरकारी वस्तू टाकून कशी द्यायची?

यानंतर जे घडलं ते मला फार बोलकं वाटतं. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात सरसकट निम्मं भाडं लागू झालं. एसटीच्या इतिहासातल्या या दोन सगळ्यात मोठ्या सवलती, आणि त्या सुरू झाल्या तेव्हा स्मार्ट कार्डाची अट नव्हती. बाईमाणूस गाडीत चढली की निम्मं तिकीट. कार्ड नाही, अर्ज नाही, खिडकी नाही. सवलत जितकी सरसकट, तितकी ओळख पटवायची गरज कमी, हे यातून दिसतं. शेजारचं उदाहरण घ्या. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत महिलांना मोफत प्रवास मिळतो, पण तो कर्नाटकात राहणाऱ्या महिलांनाच. म्हणजे रहिवासाचा पुरावा दाखवणं आलं. मिरजेहून कागवाडला माहेरी जाणाऱ्या बाईला सीमेच्या अलीकडे निम्मं तिकीट, कारण ती बाई आहे. सीमेच्या पलीकडे कर्नाटकच्या गाडीत पूर्ण तिकीट, कारण तिचं आधार महाराष्ट्रातलं. रस्ता तोच, बाई तीच. अट बारीक झाली की कागद वाढतो, आणि कागद वाढला की कार्डाची मागणी सुरू होते.

पासाचं गणित

विद्यार्थ्यांच्या पासाचं तसं नाही. तो अमुक गाव ते तमुक गाव, अमुक तारखेपर्यंत असा असतो, त्यामुळे तिथं नोंद लागतेच. आधी त्याचं गणित करून पाहू, कारण पुष्कळ मुलांना आपण किती वाचवतो हेच माहीत नसतं.

समजा, तुमच्या गावाहून शाळेपर्यंतचं एका बाजूचं भाडं २० रुपये आहे. जाऊन-येऊन ४० रुपये आणि ३० दिवसांचे १,२०० रुपये. नोकरदार माणसाला मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात मिळतो, म्हणजे ८०० रुपयांत. त्रैमासिक पासाला ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस जाता येतं, म्हणजे ३,६०० च्या जागी २,००० रुपये. विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे १,२०० रुपयांतले फक्त ४०० भरायचे. महिन्यात दहा दिवस जरी शाळेत गेलात तरी पास वसूल. आणि ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत हा पास मोफतच मिळतो. ४०० रुपये वाचले की मुलीची शाळा चालू राहते आणि नाही वाचले की “घरी बस” असं ऐकावं लागतं, अशी घरं अजून आहेत. त्यामुळे पासाच्या खिडकीवर गेलेला दिवस ही किरकोळ गोष्ट नाही.

कागदी पासाची मोठी उणीव म्हणजे तो भिजतो, फाटतो, हरवतो. ऐन पावसाळ्यात, जुलैमध्ये, शाईचा नुसता डाग उरतो. कागद हरवला की भरलेलं भाडंही गेलं. चांगली कार्ड व्यवस्था असेल तर पास खरा संगणकाच्या नोंदीत असतो, कार्ड ही त्याची फक्त किल्ली. किल्ली हरवली तर जुनी बंद करून नवी घेता येते आणि उरलेले दिवस वाया जात नाहीत. पास संपला की नवा कागद करायला नको, त्याच कार्डावर पुढचा महिना चढवायचा. म्हणजे वर्षातून दहा वेळा लागायची रांग एकदाच लागू शकते. हा कार्डाचा खरोखरचा फायदा, मी तो अजिबात कमी लेखणार नाही.

मात्र रांग कमी करायला दरवेळी चिपच लागते असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये एसटीने ‘पास थेट तुमच्या शाळेत’ अशी मोहीम काढली. शाळेने यादी द्यायची आणि एसटीचे कर्मचारी शाळेत येऊन पास देणार. यात यंत्र नवं नव्हतं, बदलली ती चालण्याची दिशा. मुलांनी खिडकीकडे जाण्याऐवजी खिडकीच मुलांकडे आली. आमच्या शिक्षकांच्या डोक्याला याद्यांचं काम वाढलं, हे हळूच सांगून ठेवतो. तरी अर्धा वर्ग पासाला गेलाय म्हणून तास बुडण्यापेक्षा ते बरं.

कार्ड चालेना, तेव्हा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संध्याकाळची शेवटची गाडी आहे. मुलीकडे कार्ड आहे, पास चालू आहे, पण मशीन कार्ड वाचेना. कंडक्टरनं काय करावं?

आपण लगेच म्हणतो, सोडावं की तिला, त्यात काय! पण कंडक्टरच्या जागी उभं राहून बघा. पुढच्या थांब्यावर तपासणी पथक चढलं आणि मशीनमध्ये त्या मुलीची नोंद नसली, तर केस कंडक्टरवर होते. माणुसकी दाखवायची ती स्वतःच्या नोकरीच्या जोखमीवर. ट्रे-चिमट्याच्या काळात मास्तर पोरांना तोंडानं ओळखायचे. “तू पाटलांच्या वस्तीवरची ना? बस.” आता ओळखायचं काम मशीनकडे दिलं, त्यामुळे मास्तरच्या ओळखीला हिशेबात जागा उरली नाही.

हा प्रश्न जगात सगळीकडे आला आहे आणि त्याला उत्तरंही आहेत. लंडनच्या लाल बसगाड्यांनी जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणंच बंद केलं. मग कार्डातले पैसे संपलेला माणूस रात्री रस्त्यात अडकला तर? त्यांनी कार्डातच एक सोय ठेवली. शिल्लक भाड्यापुरती नसली तरी आणखी एक बसप्रवास करू द्यायचा आणि शिल्लक उण्यात न्यायची. पुढच्या वेळी पैसे भरले की ते आपोआप वळते होतात. हाँगकाँगच्या ‘ऑक्टोपस’ कार्डातही, १९९७ पासून चालणाऱ्या, शिल्लक थोडी उणे जाऊ देतात. म्हणजे आपला गावचा दुकानदार “राहू दे, उद्या दे” म्हणतो, ते त्यांनी यंत्राला शिकवलं. ड्रायव्हरला उदार व्हावं लागत नाही, कारण नियमच तसा आहे.

आपल्याकडेही हे अवघड नाही. मशीनमध्ये ‘कार्ड वाचता आलं नाही’ असं एक बटण असावं. कार्डावर छापलेला क्रमांक कंडक्टरने टाकावा आणि शून्य रुपयाचं किंवा अर्धं तिकीट निघावं. रात्री आगारात गेल्यावर संगणकाने ताडून बघावं. पास चालू असेल तर विषय संपला, नसेल तर पुढच्या वेळी वसुली. एका मुलीने चुकीचा क्रमांक सांगितला म्हणून एसटीचं जेवढं नुकसान होईल, त्यापेक्षा तिला अंधारात थांब्यावर उतरवण्याची किंमत कितीतरी मोठी आहे. म्हणून उद्या कुठलंही नवं कार्ड हातात आलं, तर त्याचा रंग आणि त्यावरचा फोटो बघण्याआधी खिडकीवरच्या माणसाला एकच विचारा : “दादा, हे गाडीत चाललं नाही तर काय करायचं?” उत्तर लगेच मिळालं तर व्यवस्था चांगली आहे असं समजा.

तोपर्यंत आपण काही गोष्टी सांभाळू. कार्डाचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, पास काढल्याची पावती महिनाभर फेकू नका, शाळेचं ओळखपत्र सोबत असू द्या. पन्नास रुपयांची एक नोट कंपासपेटीत तळाशी घडी घालून ठेवा आणि तिचा वडापाव करू नका. आणि कंडक्टरशी बोलताना आवाज चढवू नका, त्यांच्या हातातलं मशीन त्यांनी बनवलेलं नाही.

आठवडाभराचा उपक्रम

आठवी ते दहावीच्या मुलांनी पुढचे सहा दिवस आपापल्या गाडीत निरीक्षण करायचं. किती जणांनी रोख पैसे दिले, किती जणांनी क्यूआर वापरला, किती जणांनी पास किंवा कार्ड दाखवलं आणि मशीन किती वेळा अडलं, असे चार रकाने वहीत करा. गाडीचा नंबर किंवा कुणाचं नाव लिहू नका, फक्त संख्या. एखादा प्रवासी अडला असेल तर त्याची अडचण दोन ओळींत लिहा आणि ती पाकिटाची होती की ओळखीची, ते पुढे कंसात लिहा. सोमवारी सगळ्यांच्या संख्या एकत्र करून आपण फळ्यावर स्तंभालेख काढू. आंधळी आणि बांबवड्याकडच्या मुलांनी सकाळची गाडी चुकवून निरीक्षण करायची गरज नाही, संध्याकाळची चालेल.